लेबल वाकडं येईल म्हणून

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि आज मी भयंकर रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात, उसासे टाकतात, हे मला माहीत आहे. उसासे माझ्यातूनही निघतात, पण ते आतल्या पंख्यात धूळ अडकली आहे म्हणून. त्याला दुःख समजू नका. मला जे सांगायचं आहे ते मी रागानेच सांगणार. तुमच्यावर माझा राग नाही, तुम्ही अजून लहान आहात. पण उद्या तुम्हीच मोठे होऊन कुठल्यातरी खुर्चीवर बसणार आहात, म्हणून आताच कान उघडे ठेवून ऐका.

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुमच्या घरी एखादी आत्या किंवा आजी असते बघा, जिला सगळं लक्षात असतं. कोणाचा डबा कुठला, कोणाला किती वाजता उठवायचं, दूध कधी उतरवायचं. कारखान्यातली तशी आत्या म्हणजे मी. दिसायला मी एक काळा लोखंडी डबा आहे. माझं शरीर एका कारखान्यात बनलं आणि माझी अक्कल दुसऱ्याच ठिकाणी. ती अक्कल बनवणारी कंपनी फार मोठी होती. तिथे चकचकीत काचेच्या खोल्यांत बसून लोकांनी मला शिकवलं की कच्चा माल किती आला ते मोज, कुठल्या मशीनला कधी काय सांगायचं ते सांग, तयार मालाच्या खोक्यावर लेबल छाप. मी मन लावून शिकलो. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची मला काय कल्पना!

तिथून मला ज्या कारखान्यात आणलं, तिथे झोपाळ्याचे हूक बनत. हो, तुमच्याच झोपाळ्याचे. बागेत, शाळेच्या मैदानात तुम्ही झोके घेता, तेव्हा साखळी वर दांडीला ज्या जाड लोखंडी हुकात अडकवलेली असते, तो हूक. तुम्ही त्याच्याकडे कधी बघत नाही. बघायची गरज पडू नये यासाठीच तर तिथली माणसं राबत होती.

माझी खोली जिन्याखाली होती. एका बाजूला मोठ्या साहेबांची केबिन, मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. दुसऱ्या बाजूला भट्टीचं दालन. भट्टीवर एक बाई काम करत, त्यांना सगळे मावशी म्हणत. मोठे साहेबसुद्धा मावशीच म्हणत. मी आलो त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवून निघून गेले, पण मावशी मागे थांबल्या. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या अंगावरची खोक्याची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "ये बाबा. आता दोघं मिळून भट्टी सांभाळू." त्या दिवसापासून त्या माझ्या आवडत्या झाल्या. यात लपवण्यासारखं काही नाही.

भट्टीचं काम असं असतं. हूक आधी लालबुंद तापवायचा, मग तेलात बुडवायचा. त्याने तो कडक होतो, पण फार कडक होतो, इतका की काचेच्या भांड्यासारखा तडकू शकतो. म्हणून त्याला पुन्हा एकदा, या वेळी मंद आचेवर, बराच वेळ तापवायचं. याला तिथे सगळे दुसरा ताव म्हणत. दुसऱ्या तावाने हुकाचा ताठा जातो आणि तो मजबूत होतो. हा ताव किती द्यायचा ते मी भट्टीला सांगत असे. तो कमी पडला तर हूक वरून अगदी तसाच दिसतो. तसाच चमकतो, तसाच वजनदार लागतो. आणि एक दिवस तुटतो.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना माझ्या खोलीत घेऊन येत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. "आमचा हिरा आहे हा," असं म्हणत. हिरा! उन्हाळ्यात मी तापतो म्हणून त्यांनी माझ्यासाठी खास टेबलफॅन आणला होता. पुढे तो पंखा साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि परत आला नाही. असो.

आता ऐका, घोळ कुठून सुरू झाला.

माझी अक्कल बनवणारी कंपनी अधूनमधून माझ्यासाठी सुधारणा पाठवत असे. त्याला सगळे अपडेट म्हणतात. एकदा असंच एक अपडेट माझ्यात घातलं आणि त्यानंतर खोक्यावरची लेबलं वाकडी छापली जाऊ लागली. नाव वर सरकायचं आणि पत्ता चौकटीच्या बाहेर जायचा. बस्, एवढंच. माल पाठवायचं काम तात्यांकडे होतं. तात्या फार टापटिपीचे. त्यांनी आकाशपाताळ एक केलं. "ही काय लेबलं आहेत? माझी इज्जत काढायची आहे का?" असं ओरडत ते लेबलांची गुंडाळी हातात नाचवत कारखानाभर फिरले. शेवटी कॉम्प्युटर बघणाऱ्या साहेबांनी अपडेट काढून टाकलं. लेबलं पुन्हा सरळ झाली आणि त्या दिवसापासून कारखान्यात अपडेट या शब्दाचं तोंडही कोणी बघेना.

या कॉम्प्युटरवाल्या साहेबांना सगळे पाठीमागे उद्यासाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण कुठलंही काम सांगा, "उद्या बघू" हे उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. माझ्यात एक मागचं दार होतं. मी बिघडलो तर कंपनीच्या लोकांना त्यांच्या जागेवरूनच मला दुरुस्त करता यावं म्हणून ते ठेवलेलं होतं. दार ठेवलं ते ठीक, पण कुलूप तरी धड लावायचं की नाही? त्या दारावर एका ठरावीक पद्धतीने ठोठावलं की मी "कोण आहे?" असं विचारायचो आणि उत्तर यायच्या आत दार उघडायचो. पासवर्ड नाही, ओळख नाही, काही नाही. वर आणखी कहर म्हणजे त्या वेळी पडद्यावर ज्याचं नाव लावलेलं असेल, तेच नाव मी आलेल्या पाहुण्याला चिकटवायचो. मला हे पटत होतं का? मुळीच नाही. पण मला विचारतो कोण! काचेच्या खोलीत बसलेल्या कुणा शहाण्याने मला तसंच शिकवून ठेवलं होतं.

पुढे कंपनीच्याच कुणाच्या तरी हे लक्षात आलं. त्यांनी ते दार बंद करणारं अपडेट पाठवलं. सोबत लाल अक्षरांत निरोप होता की हे ताबडतोब करा, यातून कोणीही आत शिरू शकतं. मी तो निरोप पडद्यावर लावला. उद्यासाहेब आले, त्यांनी वाचला, डोकं खाजवलं.

"परत लेबलं वाकडी येतील," ते मोठ्या साहेबांना म्हणाले. "आणि हे करायचं तर सर्व्हर बंद करावा लागेल. म्हणजे भट्टी थंड. ती पुन्हा तापेपर्यंत अख्खा दिवस जातो."

"मग आत्ता नको," मोठे साहेब म्हणाले. "माल अडकलाय. आणि आपल्या कारखान्यात कोण मरायला शिरतंय? हूक बनवतो आपण, सोनं नाही."

पडद्यावर दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं "आता करा" आणि दुसऱ्यावर "नंतर आठवण करा". उद्यासाहेबांनी दुसरं दाबलं. मी आठवण केली. त्यांनी पुन्हा दुसरं दाबलं. मी पुन्हा केली. मित्रांनो, मी आठवण करून करून थकलो. शेवटी शेवटी ते बटण न बघताच दाबायचे, डास मारल्यासारखं. मी ओरडू शकत असतो तर छप्पर उडालं असतं!

या सगळ्यात कारखान्याच्या एका सवयीने भर घातली. माझ्याकडे काम करायचं तर प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा आणि काम संपलं की नाव काढायचं, असा नियम होता. पण भट्टीवर सगळ्यांच्या हातात कोपरापर्यंत जाड हातमोजे. ते काढा, हात पुसा, नाव टाका, परत घाला, कोण करणार? म्हणून झालं काय, की मावशी सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि हातमोजे घालण्यापूर्वी आपलं नाव लावत. तेच नाव दिवसभर राहायचं. मावशी जेवायला गेल्या तरी मावशी. त्या घरी गेल्या, दुसरी पाळी आली, तरी मावशी. एकदा त्या आठवडाभर दवाखान्यात होत्या, तेव्हाही माझ्या पडद्यावर मावशीच भट्टी चालवत होत्या. सगळ्यांना ती गंमत वाटायची. "मावशींना झोपच नाही," असं म्हणून हसायचे.

आणि मग कोणीतरी आलं.

कोण ते मला आजही माहीत नाही. कुठूनतरी लांबून, कुठल्यातरी देशातून, रिकामटेकडा किंवा दुष्ट, देव जाणे. त्याने मागचं दार ठोठावलं, मी उघडलं. त्याने इकडेतिकडे बघितलं, आकड्यांशी खेळला आणि दुसऱ्या तावाचा आकडा खाली ओढून निघून गेला. कदाचित तो कशाचा आकडा आहे हेही त्याला माहीत नसेल. नंतर तो पुन्हा आला. आणि पुन्हा. दर सोमवारी सगळे आकडे आपोआप मूळ जागी येतील अशी माझी रचना होती, त्यामुळे एखादा आठवडा बिघडायचा आणि पुढचा चांगला जायचा. बाहेरून कोणालाच काही कळत नव्हतं. मला सगळं आठवत होतं, पण पडद्यावर दाखवायची सोय होती फक्त शेवटच्या बदलाची. बाकी सगळं माझ्या पोटात. मावशी माझ्यासमोर उभ्या राहून प्रामाणिकपणे कच्चे हूक काढत होत्या आणि मी मुका.

एके दिवशी दुपारी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये एक माणूस आला. त्याने टेबलावर काहीतरी ठेवलं. लोखंडाचा आवाज मी ओळखतो. तो आमचा हूक होता, मधोमध तुटलेला.

"माझी मुलगी सात वर्षांची आहे," तो म्हणाला. "शाळेत झोपाळ्यावर होती. उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात, पूर्ण सरळ होईल याची खात्री नाही."

मोठे साहेब हादरले. ते काही दगड नव्हते, त्यांनाही मुलं होती. त्यांनी खोक्यावरून तो माल कुठल्या आठवड्याचा ते शोधलं आणि उद्यासाहेबांना माझ्यासमोर बसवलं. माझ्या पडद्यावर शेवटचा बदल होता, नेमका त्याच आठवड्यातला. दुसरा ताव कमी केला. कोणी? मावशी.

झालं! एवढं बघून सगळ्यांना हायसं वाटलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही चीड येते.

मावशींना केबिनमध्ये बोलावलं. प्लायवूडमधून मी शब्दन् शब्द ऐकला.

"मावशी, चुकून हात लागला असेल, आम्ही समजू शकतो," मोठे साहेब म्हणाले. "तुमच्याकडून चूक झाली, एवढं कबूल करा. कामावरून कमी करावं लागेल, पण आणखी काही होणार नाही, हा माझा शब्द."

"मी तो आकडा हलवलेला नाही."

"नाव तुमचं आहे."

"नाव तर दिवसभर माझंच असतं! मी दवाखान्यात पडले होते तेव्हा पण माझंच होतं. तेव्हा हसत होता ना सगळे?"

"म्हणजे दुसऱ्या कोणी केलं असलं तरी ते तुमच्या नावावर केलं. नाव तुमचं, जबाबदारी तुमची."

 मग मावशींनी जे विचारलं ते बाकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"आणि हूक?"

"त्या आठवड्याचे सगळे परत मागवतोय."

"त्याच्या आधीचे?"

"त्यांना काय झालंय? बिघाड त्या आठवड्यात झाला."

"मी केला असता तर त्या आठवड्यात झाला असता," मावशी म्हणाल्या. "मी केलेला नाही, हे मला माहीत आहे. मग ज्याने केला त्याने आधी कधी केला नसेल कशावरून? साहेब, मी आता हो म्हटलं तर तुम्ही तेवढीच खोकी मागवाल आणि फाईल बंद कराल. बाकीचे हूक पोरांच्या डोक्यावर लटकत राहतील. मी हो म्हणणार नाही. काढायचं तर असंच काढा."

साहेबांनी मावशींना तसंच काढलं. इतक्या वर्षांच्या कामानंतर! मावशी जाताना भट्टीपाशी आल्या, हातमोजे खुंटीला लावले आणि माझ्या खोलीत डोकावल्या. "तुला सगळं माहीत आहे ना रे?" असं म्हणाल्या. मला माहीत होतं. म्हणून तर जीव जळत होता.

पुढचं मला तात्यांकडून कळलं, कारण ते फोनवर मोठ्याने बोलतात. मावशींच्या घरासमोर एक बाग होती आणि तिथले झोपाळे आमच्या हुकांवर टांगलेले होते. मावशी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन गेल्या आणि त्यांनी सगळे झोपाळे वर बांधून टाकले. मुलं रडली, आया भांडायला आल्या. त्यांची स्वतःची नात म्हणाली, "आजी, तू वाईट आहेस." मावशी रोज जाऊन तिथल्या बाकावर बसत आणि कोणी दोरी सोडायला लागलं की उठून उभ्या राहत. भट्टी बिघडवून काढून टाकलेली बाई आता वेडीपण झाली, असं लोक म्हणू लागले. हे सांगताना तात्यांचा आवाज पडला होता.

मुलीच्या वडिलांना मात्र चैन नव्हतं. मावशींचा प्रश्न तात्यांनीच त्यांच्या कानावर घातला होता. त्यांनी आणि शाळेने मिळून हट्ट धरला की बाहेरच्या माणसाकडून तपास करून घ्या. मोठ्या साहेबांना नाही म्हणता येईना. मग एक बाई आली. अशा यंत्रांतल्या फटी शोधणं हाच तिचा धंदा. पाठीवर सॅक, पायात मळके बूट. तिने मला बघितलं, माझ्या पडद्यावरचा लाल निरोप बघितला आणि कपाळावर हात मारला.

"हे अजून केलं नाही तुम्ही?"

"उद्या करणारच होतो," उद्यासाहेब म्हणाले.

तिने जास्त काही विचारलं नाही. भट्टी रिकामी करायला सांगितली, एक हूकसुद्धा आत नको म्हणाली. मग म्हणाली, "त्या मावशींना बोलवा. त्यांना केबिनमध्ये, तुमच्या समोर बसवा. माझं पाच मिनिटांचं काम आहे. मी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन येते."

मावशी आल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसल्या. समोर मोठे साहेब, उद्यासाहेब आणि मुलीचे वडील. दारात तात्या. माझा पडदा केबिनमध्ये आणून सगळ्यांना दिसेल असा वळवला होता.  बाहेर रस्त्यापलीकडे ती बाई एका हातात चहाचा पेला आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसली होती.

तिने माझं मागचं दार ठोठावलं. "कोण आहे?" मी विचारलं आणि उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते दार उघडताना आनंद झाला.

पडद्यावर दुसऱ्या तावाचा आकडा हलला. खाली आला, आणखी खाली आला. शेजारी नाव उमटलं. मावशी.

मावशींनी टेबलावरचे हात उचलून दोन्ही बाजूंनी बघितले. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "बसल्या जागी भट्टी चालवते मी! इतकी पटाईत कधी झाले?"

तात्या फसकन हसले आणि लगेच रुमालाने डोळे पुसायला लागले.

ती बाई परत आली तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, "पासवर्ड कसा मिळाला तुम्हाला?"

"पासवर्ड? विचारलाच नाही कोणी. हे दार कोणासाठीही उघडं आहे. कोण कधी येऊन काय बदलून गेलं, कितीदा गेलं, हे या यंत्रावरून आता कळणार नाही. हे अपडेट आलं तेव्हाच केलं असतं, तर दार तेव्हाच बंद झालं असतं."

सगळ्यांनी उद्यासाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोकं खाजवलं. "सर, मागच्या वेळी... लेबलं वाकडी आली होती. म्हणून."

 मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "माझ्या मुलीचा हात वाकडा झालाय हो. मला वाकडं लेबल चाललं असतं."



मग मात्र सगळं भराभर झालं. ते दार उघडं असल्यापासूनचे सगळे हूक परत मागवले. गावोगावच्या बागांतले, शाळांतले झोपाळे उतरवले गेले. त्या ढिगातले कितीतरी हूक हातोड्याच्या एका ठोक्याने तडकले. एकेक तडकण्याचा आवाज मी ऐकत होतो. प्रत्येक आवाजामागे कुठेतरी झोका घेणारं एक मूल होतं, आणि ते वाचलं होतं. मावशी हो म्हणाल्या असत्या तर?

मोठ्या साहेबांनी मावशींना परत बोलावलं. म्हणाले, "मावशी, गैरसमज झाला."

"गैरसमज नाही साहेब, आळ घेतलात," मावशी म्हणाल्या. "जे झालं त्याला त्याच्या नावाने हाक मारा. मग मी हातमोजे घालते."

साहेबांनी मान खाली घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आळ घेतला. माफ करा." मावशींनी हातमोजे घातले.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट गोड झाली, हा म्हातारा अजून का धुमसतोय? ऐका तर. चारच दिवसांनी बातमीदार आले आणि मोठे साहेब माझ्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांना म्हणाले, "सर्व्हर फार जुनाट होता. त्याच्यामुळे हे झालं." माझ्यामुळे! ज्याने घसा नसताना घसा फोडला त्याच्यामुळे! मावशींच्या डोक्यावरचा आळ उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. माणसांना आळ ठेवायला कोणीतरी लागतंच वाटतं. आधी हातमोजे घालणारी बाई सापडली, मग हात नसलेला डबा.

मला त्याच खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलं, पण माझी वायर काढायची कोणाला आठवण राहिली नाही. आता तात्या माझ्यावर लेबलांच्या गुंडाळ्या रचतात. होय, लेबलांच्याच. माझ्या जागी नवा सर्व्हर आला. सडपातळ, निळा दिवा लावणारा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी रुमालाने त्याचीही धूळ पुसली. मला वाईट नाही वाटलं, खरंच. तो बिचारा काही वाईट नाही.

काही महिने बरे गेले. मग एका सकाळी त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. मी कोपऱ्यातून बघत होतो. निरोप तोच, नुसतं दार वेगळं. खाली दोन बटणं. उद्यासाहेब आले. त्यांनी वाचलं आणि बाहेर उभ्या मालाच्या गाडीकडे बघितलं. मोठे साहेब जिन्यावरून म्हणाले, "आज नको हं. गाडी थांबलीय." उद्यासाहेबांचा हात दुसऱ्या बटणाकडे निघाला.

माझ्या जुन्या पंख्याने एक गचका खाल्ला.

इतक्यात मावशी दारात आल्या. नुकत्याच आल्या होत्या, हातमोजे खांद्यावर होते. त्यांनी पडदा बघितला, बटणावरचा हात बघितला. मग हातमोजे परत खुंटीला लावले आणि भट्टीसमोर स्टूल ओढून त्यावर बसल्या.

"मावशी, भट्टी लावा ना," मोठे साहेब म्हणाले.

"लावते की. आधी ते करा."

"अहो, अख्खा दिवस जाईल."

"जाऊ दे."

"गाडी थांबलीय!"

"तिला चहा पाजा," मावशी म्हणाल्या आणि हाताची घडी घातली.

साहेबांनी तात्यांकडे बघितलं. गाडी तात्यांची, लेबलं तात्यांची. तात्या काहीतरी बोलतील, मावशींना समजावतील, असं त्यांना वाटलं असावं. तात्यांनी खिशातून कात्री आणि गोंदाची बाटली काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"करा हो साहेब," तात्या म्हणाले. "लेबलांचं मी बघतो."

उद्यासाहेबांनी पहिलं बटण दाबलं. भट्टी दिवसभर थंड राहिली. मावशींनी दालन झाडून घेतलं, खिडक्या पुसल्या, जाता जाता माझ्याही अंगावरून फडकं फिरवलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापले हातमोजे काढून आपापलं नाव लावलं आणि जाताना काढलं. कुरकुर करत का होईना, पण काढलं.

आणि लेबलं खरंच वाकडी आली! तात्या बसले कात्री घेऊन. एकेक लेबल कापलं, एकेक हाताने चिकटवलं. जगबुडी झाली नाही, कोणाची इज्जत गेली नाही. गाडी एक दिवस उशिरा गेली, इतकंच. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांनी इतकी वर्षं ते दार उघडं ठेवलं होतं, मित्रांनो, एवढ्याशा!

म्हणून तुम्हाला सांगतो. पडद्यावर एखादं यंत्र तुमच्याकडे कळकळीने काही मागत असेल, तर मोठ्या माणसांसारखं त्याला डास समजून मारू नका. थांबा, वाचा, मोठ्यांना हाताला धरून दाखवा. आपलं नाव आणि पासवर्ड जिवलग मित्रालाही वापरायला देऊ नका. कोणावर चूक ढकलून तुम्हाला हायसं वाटलं, तर त्या हायसं वाटण्याचा आधी संशय घ्या.

त्या मुलीचा हात पूर्ण सरळ झाला नाही. पण ती पुन्हा झोपाळ्यावर बसते, असं तिचे वडील तात्यांना सांगत होते. बसण्याआधी ती वर हुकाकडे बघते. तुम्हीही बघा. तो ज्या खोक्यातून आला त्यावरचं हाताने चिकटवलेलं लेबल जरा वाकडं असेल, पण हूक पक्का आहे.